मागचं दार पाण्याकडे

"घर किनाऱ्याला लागेल तेव्हा मागचं दार पाण्याकडे राहू दे," केझाया आत्यानं एमेलिनला बजावलं होतं. "बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. घरचा माणूस दर्यावर असताना मागचं दार पाण्याकडेच हवं."

एमेलिन तेव्हा कपबशा गवतात गुंडाळत होती. कडेवर तिची तान्ही लेक नेओमी होती, स्वतःच्या तोंडात सुतळी होती. सुतळी काढून ती म्हणाली, "आत्या, घराला कसलं आलंय पुढं आणि मागं? खिळे तेच, फळ्या त्याच."

"एक वर्ष कॉलेजात घालवून हेच शिकलीस?"

"दोन वर्षं," एमेलिन म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

हॅगडाऊन बेटावरची माणसं त्या साली घरं घेऊन निघाली होती. घरातलं सामान घेऊन नव्हे, घरंच घेऊन. आधी शाळा बंद पडली. एमेलिनच तिथली मास्तरीण, त्यामुळे ते तिला इतरांपेक्षा जरा आधी कळलं. मग दुकानदारानं गाशा गुंडाळला, मग डॉक्टरची बोट यायची थांबली. तेव्हा एकेकानं आपलं लाकडी घर खांबांवरून सोडवलं, खाली ओंडके सारले, गाण्याच्या ठेक्यावर दोरखंड ओढत ते पाण्यापर्यंत आणलं, भोवती रिकामी पिंपं बांधली आणि मोटारबोटींच्या मागे लावून उपसागरापलीकडे ब्रॉड आर्म या खाडीकाठच्या गावाला नेलं. भरती बघायची, वारा बघायचा, की घर निघालं. ओबे काकांनी तर चूलही विझवली नव्हती. त्यांचं घर धुराड्यातून धूर सोडत लाटांवरून गेलं, आणि आत त्यांची बायको ड्रुसिला काकू पाव भाजत होती. पाव एका बाजूनं जरा जास्त फुगला, एवढंच.

एमेलिनचं घर मात्र पुढच्या उन्हाळ्यात न्यायचं ठरलं होतं, सेल्बी परत आल्यावर. सेल्बी ब्रुशेट हा तिचा नवरा. वसंतात तो खारवलेला कॉड मासा घेऊन जाणाऱ्या जहाजावर पोर्तुगालला गेला होता. तिथून मीठ घ्यायचं, मग खाली उन्हाच्या मुलखात जाऊन काकवी भरायची आणि मग घरी. तो निघाला तेव्हा नेओमीला मानसुद्धा धरता येत नव्हती.

पण हाच उन्हाळा सरता सरता बेटावर उरलं कोण, तर एमेलिन, नेओमी, केझाया आत्या आणि आत्याची शेळी. एमेलिन मूळचीच काळजी करणारी. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि श्वास नीट चालला असला की एवढा नीट कसा, याचीही काळजी करायची. औषध नाही, शेजार नाही, अशा बेटावर या लेकराला घेऊन हिवाळा काढायचा म्हटल्यावर तिची झोप उडाली. ओबे काका आपली होडी घेऊन आले आणि म्हणाले, "हवा शांत आहे, तोवर तुझंही घर नेऊन टाकू." ती लगेच हो म्हणाली.

"आणि सेल्बी आला म्हणजे?" केझाया आत्यानं विचारलं. ती सेल्बीची सख्खी आत्या. तिनंच त्याला वाढवला होता. "घर कुठं गेलं हे त्याला सांगायचं कोणी?"

जहाजाला पत्र पाठवायचं तर ते या बंदरातून त्या बंदरात जहाजाच्या मागे धावत राहणार, हे एमेलिनला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बघू काहीतरी. तुम्ही आमच्याबरोबर चला आधी."

"मी आले तर सांगेल कोण? शेळी?"

म्हणून केझाया आत्या मागे राहिली.

घर पाण्यातून जाताना एमेलिन ओबे काकांच्या होडीत पाठमोरी बसून त्याच्याकडे बघत होती. तिनंच शिवलेले पडदे, तिनंच पुसलेल्या काचा, आणि प्रत्येक लाटेला ते हिरवं घर तिच्याकडे बघून वाकत होतं, ओळखीचं पण जरा अवघडलेलं, लग्नाघरी भेटलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं. नवरा दर्यावर, आता घरही दर्यावर, तिच्या मनात आलं. दोघांची कुठं गाठ पडली तर बरं.

ब्रॉड आर्मच्या तोंडाशी वारा फिरला आणि घर भोवऱ्यासारखं गोल फिरायला लागलं. ओबे काका ओरडले, "मास्तरीणबाई, कोणतं तोंड आधी वर घेऊ?" नेमकी त्याच क्षणी नेओमी खोकली. एकदाच खोकली, पण एमेलिनला तो खोकला छातीतला वाटला. ती म्हणाली, "कोणतंही घ्या हो. घ्या एकदाचं वर."

त्यांनी घेतलं. पाठ पुढे करून घर पाण्याबाहेर निघालं, उतार चढलं आणि उरलेल्या एकुलत्या एक मोकळ्या जागेत, थेट कड्याच्या पायथ्याशी जाऊन थांबलं. दोर सुटले, सगळ्यांनी कपाळ पुसलं आणि मग मागे जाऊन बघितलं. मागचं दार आणि काळा खडक यांच्यामध्ये मांजर गेलं असतं, तेही दिवस गेलेले नसले तर.

आणि पुढचं दार पाण्याकडे, रस्त्याकडे, सगळ्या जगाकडे.

हॅगडाऊनच्या माणसाला यात काय बिघडलं ते सांगावं लागलं नसतं. मागचं दार माणसांचं. ते सरळ स्वयंपाकघरात उघडतं, त्याला कुलूप नसतं, आणि ते कोणी वाजवत नाही; ढकलायचं, आत यायचं, चुलीपाशी बसायचं, मग हवं तर बोलायचं. पुढचं दार फक्त असतं. त्यातून पाद्री येतो आणि शवपेटी जाते. दार वाजवतो तो एक तर परका, नाही तर वाईट बातमी घेऊन आलेला. नाताळात सोंगं घेऊन हिंडणारे तेवढे गंमत म्हणून वाजवतात. पुढच्या दाराचा उपयोगच नसल्यामुळे त्याला कोणी पायऱ्याही करत नाही. एमेलिनच्या घराचं पुढचं दार जमिनीपासून छातीइतकं वर होतं, रंगानं पक्कं चिकटलेलं होतं, आणि आता आत जायला तेवढंच एक उरलं होतं.

"पायऱ्या ठोकून द्या ना," एमेलिन ओबे काकांना म्हणाली. "चार फळ्यांचं तर काम."

ओबे काकांनी टोपी काढून आत बघितलं. "सेल्बी दर्यावर असताना पुढच्या दाराला पायऱ्या? मी नाही हात लावणार, बाई. कोणासाठी बांधतोयस म्हणून कोणी विचारलं तर काय सांगू?"

"मग घर फिरवून द्या."

"ते देतो. वसंतात."

"तोवर आम्ही आत जायचं कसं?"

सगळ्यांनी घराकडे बघितलं. स्वयंपाकघराला बाजूची एक खिडकी होती.

त्या खिडकीखाली माशाचं पिंप उपडं घातलं गेलं आणि एमेलिनच्या नव्या घरातला संसार सुरू झाला. ओबे काका आधी एक पाय आत टाकायचे आणि खिडकीत घोड्यावर बसल्यासारखे बसून अर्धं बोलणं उरकून घ्यायचे. ड्रुसिला काकू अंगानं भरलेली. ती पाठमोरी यायची. "मी आले गं," म्हणायची आणि मग बराच वेळ येतच राहायची. पीठ खिडकीतून, बटाटे खिडकीतून, सरपण खिडकीतून. एमेलिन घाण पाण्याची बादली घेऊन पिंपावर उतरायला लागली की ब्रॉड आर्मच्या बायका आपल्या स्वयंपाकघरातून बघायच्या. ही माणसं मूळची तिथली. हॅगडाऊनकडचे लोक जरा वेगळे असतात असं त्यांनी ऐकलं होतंच.

घर तेच होतं आणि मुळीच तेच नव्हतं. पूर्वी सकाळचं ऊन चुलीवर पडायचं, आता ते बिछान्यावर पडायचं आणि नेओमी पहाटेच जागी व्हायची. जमीन एका अंगाला कलली होती. चेंडू सोडला की तो आपणहून कपाटाखाली जाऊन बसायचा. भिंतीच्या कागदावर गुडघ्याच्या उंचीला मिठाची एक पांढरी रेघ राहिली होती, तिथवर समुद्र आत येऊन गेला होता. चुलीच्या राखेच्या कप्प्यात एमेलिनला एक चपटा मासा सापडला, अगदी व्यवस्थित आडवा ठेवलेला. तिनं तो तळून खाल्ला आणि नंतर बराच वेळ आपण पाहुण्याला खाल्लं असं तिला वाटत राहिलं.

सगळ्यात वाईट म्हणजे सेल्बीची खुर्ची कुठं ठेवायची ते तिला कळेना. हॅगडाऊनला ती चुलीच्या डाव्या हाताला असायची आणि तो तिच्यात आडवा बसायचा, दाराकडे तोंड करून. त्यामुळे एमेलिनला त्याचा उजवा कान दिसायचा. लहानपणी गळ लागून त्या कानाच्या पाळीला खाच पडली होती. आता तो डोळ्यांसमोर आणायला जावं तर अख्खा चेहरा यायचाच नाही, येऊन जाऊन तो कान यायचा. काय माणूस मी, तिला वाटायचं, नवऱ्याची आठवण काढते आणि कान आठवते. खुर्ची डावीकडे ठेवली तर तोंड खडकाकडे व्हायचं. उजवीकडे ठेवली तर कान दुसराच दिसला असता. शेवटी तिनं खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली, आणि येणारा जाणारा तिच्यावर अडखळायचा.

थंडी पडायला लागली तेव्हा दुसरं एक जहाज बंदराला लागलं. त्याचे खलाशी सांगू लागले की सेल्बीचं जहाज त्यांच्या आधीच निघालं होतं, मोठ्या वादळाच्या जरा पुढे. पुढे की आत, ते त्यांना नीट सांगता येईना.

त्या दिवसापासून एमेलिनचे कान पुढच्या दाराला लागले. ब्रॉड आर्मला तारघर होतं. तार आली की ती आधी पाद्री थॉर्नबी यांच्याकडे जायची, आणि ते ती घेऊन घरी यायचे. पुढच्या दारानं. वाजवून.

ती शिकलेली बाई होती. दार न वाजल्यानं जहाज तरंगत राहत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण जोवर दार वाजलं नाही तोवर सेल्बी जिवंत आहे, हेही तितकंच खरं होतं. या दोन गोष्टींतली दुसरी तिला जास्त उपयोगाची वाटली. तिनं पुढच्या दाराला आतून हार्मोनियमची जड पेटी लावली. पेटीवर पिठाचं पोतं, पोत्यावर बटाट्यांची पाटी.

"हे कशाला गं?" ड्रुसिला काकूनं विचारलं.

"वारा येतो फटीतून," एमेलिन म्हणाली.

"येतो खरा," काकू म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती येताना आपल्याकडची जुनी नांगराची साखळी घेऊन आली आणि न बोलता पाटीवर ठेवून दिली.

पाद्री थॉर्नबी इंग्लंडहून नवेच आले होते. माणूस तरुण, गोलमटोल आणि मनानं फार चांगला. आपण रस्त्यावर दिसलो की बायका दाराची चौकट का धरतात हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र त्यांनी मनावर घेतलं. घराबाहेर पडले की टोपी काढून डोक्यावर गरगर फिरवायची, म्हणजे 'काही नाही, सहज निघालोय'. स्तोत्रं गुणगुणणं त्यांनी सोडलं. मोठ्यानं नाचाची गाणी म्हणत ते उतार चढायचे. एमेलिनच्या घराजवळ आले की लांबूनच ओरडायचे, "काही झालेलं नाही. मी चहाला येतोय." आणि मग पिंपावर चढून, पोट आत ओढून, खिडकीतून यायचे. एकदा ते मधेच अडकले, तेव्हा ओबे काकांनी त्यांना आत ओढायचं की बाहेर ढकलायचं यावर विचार करत पाईप पेटवला.

"पाद्रीबाबा, आपली काय इच्छा?"

"चहा कोणत्या बाजूला आहे?" पाद्रीबाबांनी विचारलं.

असेच एका दुपारी सगळे स्वयंपाकघरात जमले होते. बाहेर असं धुकं की खिडकीखालचं पिंपही दिसत नव्हतं. पाद्रीबाबा काकवीचा पाव खात होते, ड्रुसिला काकू मोजे विणत होती, ओबे काका खिडकीत अर्धे आत होते. नेओमी सेल्बीची खुर्ची धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती आणि एमेलिन तिच्या डोक्यामागे हात धरून बसली होती, पडलीच तर असावा म्हणून.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

ड्रुसिला काकूच्या सुया थांबल्या. ओबे काकांनी टोपी काढली, घातली आणि पुन्हा काढली. मग सगळ्यांनी पाद्रीबाबांकडे पाहिलं.

"मी इथं आहे," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग बाहेर कोण आहे?" काकूनं विचारलं.

"यांच्या वरचा असेल," ओबे काका कुजबुजले. "बिशप."

"एवढ्या धुक्यात बिशप कशाला येईल?"

"तशीच मोठी बातमी असली तर..."

काकूनं लोकरीचा गुंडा त्यांच्या तोंडावर फेकला.

दार पुन्हा वाजलं. वाजत होतं तेही तळाशी, अगदी उंबऱ्यालगत, जणू बाहेर उभा असलेला माणूस गुडघ्याएवढा होता. एमेलिननं नेओमीला उचलून छातीशी धरलं. इतकं घट्ट की पोर कुरकुरली. उघडायचं नाही, ती मनाशी म्हणत होती. कोणी उघडायचं नाही. थांबेल, दमेल, निघून जाईल, आणि सगळं काल होतं तसं राहील.

ओबे काका खिडकीतून पुरते आत आले, हार्मोनियमवर वाकले आणि दाराला म्हणाले, "कोण आहे?"

धुक्यातून, जाड फळीतून, कापसात गुंडाळल्यासारखा आवाज आला. "हे घर कोणाचं?"

"तुम्हाला कोणाचं पाहिजे?"

"ब्रुशेटचं."

"काय काम आहे?"

"मी ब्रुशेट आहे," आवाज म्हणाला.

"कोणता?"

"सेल्बी."

"सेल्बी दर्यावर आहे," ओबे काकांनी सांगितलं.

"आत्ता नाही."

ओबे काकांनी मान हलवली. "सेल्बी असतास तर दार कशाला वाजवलं असतंस? सेल्बीनं जन्मात दार वाजवलेलं मी पाहिलं नाही."

"घर माझंच आहे का, याची खात्री नाही. म्हणून वाजवलं."

ओबे काका वळले. "सेल्बी आहे म्हणतोय. पण घर आपलं आहे का, ते माहीत नाही म्हणतोय."

"मग सेल्बी नव्हे," ड्रुसिला काकू म्हणाली. "कोणीतरी सोंग घेऊन आलाय."

"पण नाताळ अजून लांब आहे," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

एमेलिनचे पाय हलले ते तिलाही कळलं नाही. नेओमीला काकूच्या मांडीवर ठेवून ती दाराशी गेली. बोलायला तोंड उघडलं तर आवाज कोणा दुसऱ्याच बाईचा आला. "मागचं दार कसं उघडतं?"

बाहेरचा आवाज बदलला. "एमी?"

"आधी सांग."

"खांद्यानं जरा वर उचलायचं आणि मग ढकलायचं," आवाज म्हणाला. "आणि आत पाय टाकला की उंबऱ्याजवळची फळी बदकासारखी ओरडते. ती बदलायची राहिली माझ्याकडून. एमी, हे घर उलटं का आहे?"

मग जी धावपळ झाली तिच्यात साखळी पाद्रीबाबांच्या पायावर पडली, बटाटे उताराच्या अंगाला कपाटाखाली चेंडूला भेटायला गेले, पोतं फुटलं, हार्मोनियम सरकताना आपणहून एक लांब सूर लावून गेली. ओबे काकांनी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून ओढली, आणि मूठ त्यांच्या हातात आली. दार रंगात घट्ट बसलं होतं. ते जागचं हललं नाही.

"सेल्बी," एमेलिन ओरडली, "खिडकीतून ये. बाजूला पिंप आहे."

"खिडकीतून?" सेल्बी म्हणाला. इतक्या महिन्यांनी घरी आलेल्या माणसाला जितका राग येऊ शकतो तितका त्याच्या आवाजात होता. "माझ्या घरात मी खिडकीतून येऊ? मागचं दार कुठंय?"

"खडकाकडे आहे."

"तिकडून येतो."

"तिकडून येता येत नाही," आतले चौघंही एकदम म्हणाले. पण पावलं निघाली होती.

थोड्या वेळानं मागच्या भिंतीतून घासल्याचा आवाज यायला लागला. सरकल्याचा, थांबल्याचा, शिवी दिल्याचा, मग पुन्हा सरकल्याचा. एमेलिन घराच्या आतून त्या आवाजाबरोबर चालत गेली, एका हातानं भिंत चाचपत, मागच्या दारापर्यंत. तिथं आवाज थांबला. घर आणल्यापासून ते दार कोणी उघडलं नव्हतं. तिनं कडी काढली, दार खांद्यानं जरा वर उचललं आणि आत ओढलं.

समोर खडक. ओला, काळा, नेचे उगवलेला, हात लांबवला तर तळवा टेकेल इतका जवळ. आणि चौकटीच्या कडेनं आत डोकावणारा एक कान. पाळीला खाच असलेला.

"अडकलोय," कान म्हणाला.

एमेलिननं तो कान धरला. खरं तर हात धरायला हवा होता, पण हात अजून आला नव्हता. ती हसत होती की रडत होती ते मागे उभ्या असलेल्यांना कळेना, आणि तिनं कान इतका घट्ट धरला होता की सेल्बी म्हणाला, "अगं, एवढा एकच भाग धडपणी परत आणलाय, तो तरी ठेव."

मग ओबे काकांनी त्याचा दंड धरला, पाद्रीबाबांनी ओबे काकांची कंबर धरली, आणि सवयीनं ओबे काकांनी घर ओढायचं गाणं सुरू केलं. तिसऱ्या हिसक्याला सेल्बी आत आला. कोटाच्या गुंड्या खडकाला राहिल्या. त्यानं पाय टेकला तशी फळी बदकासारखी ओरडली. समुद्रानं त्याला इतका वाळवला होता, म्हणूनच तो त्या फटीतून येऊ शकला. नेओमीनं आपल्या बापाला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं.

चुलीपाशी बसल्यावर सगळं बाहेर आलं. वादळात जहाजाची डोलकाठी मोडली होती. ते लंगडत लंगडत दुसऱ्याच बंदराला लागलं. तिथून एका मासेमारी बोटीनं त्याला हॅगडाऊनला सोडलं. घराच्या जागी त्याला फिकट गवताचा एक चौकोन दिसला, चार कोपऱ्यांत खांब, आणि चौकोनाच्या मधोमध बसलेली शेळी.

"केझाया आत्यानं चहा दिला," सेल्बी म्हणाला. "म्हणाली, घर ब्रॉड आर्मला गेलंय. मी एमेलिनला सांगितलंय, मागचं दार पाण्याकडे ठेव. तशी दिसतील तितकी घरं बघ, त्यातलं एक तुझं. म्हणून त्याच बोटीनं इकडं आलो आणि एकेक घर बघत सुटलो. मागचं दार ढकलायचं, आत जायचं, बसायचं. प्रत्येक ठिकाणी चहा आणि पाव. तू कुठंच नाहीस."

"आणि कोणाला विचारलं नाहीस?" ड्रुसिला काकू म्हणाली.

"काय विचारू? माझं घर बघितलंत का? लोक म्हणतील, या गड्यानं घर हरवलं."

"आमचं हिरवं घर दिसलं नाही?"

"दिसलं की. तीनदा पुढून गेलो. धुक्यात अगदी जवळ जाऊन पडदे पाहिले. म्हटलं, कोणीतरी एमीच्या पडद्यांची हुबेहूब नक्कल केलीय, निर्लज्ज माणसं आहेत." त्यानं कप खाली ठेवला. "पुढचं दार पाण्याकडे. ते आपलं असेल असं वाटलंच नाही. शेवटी हे एकच उरलं, म्हणून वाजवून बघितलं."

एमेलिननं त्याची खुर्ची उचलून चुलीच्या डाव्या हाताला ठेवली, तोंड खडकाकडे. तो बसला. कान होता तिथं आला.

घर वसंतात फिरवायचं ठरलं होतं, पण वसंतापर्यंत थांबायला सेल्बी तयार नव्हता. त्यानं कोयत्यानं पुढच्या दाराचा रंग खरवडून ते मोकळं केलं, बाहेर पायऱ्या ठोकल्या, चूल उचलून पुढच्या खोलीत आणली, खुर्चीही तिच्या डाव्या हाताला आणली आणि जाहीर केलं की आजपासून हेच मागचं दार. कोणी वाजवायचं नाही. ओबे काकांनी त्यावर पाईपभर विचार केला आणि त्यात काही खोट नाही असं ठरवलं. कोणतं दार मागचं, हे शेवटी चुलीवरून ठरतं.

"मग माझं काय?" पाद्रीबाबांनी विचारलं. "मी कुठून यायचं?"

"चहाला इकडून," सेल्बी म्हणाला. "बातमी घेऊन येणार असाल तर नियमाप्रमाणे पुढच्या दारानं." आणि त्यानं खडकाकडे बोट केलं.

पाद्रीबाबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान काही लपेना.

बर्फ वितळलं तसा सेल्बी पुन्हा दर्यावर गेला. एमेलिन अजूनही नेओमीच्या नाकाखाली बोट धरते, वारा उठला की खिडकीशी जाते. पण वाईट बातमीला आता तिच्या घरी यायचं तर खडक आणि भिंत यांच्यामधून, पोट आत ओढून, एका अंगानं सरकत यावं लागेल, आणि या विचारावर तिला बऱ्यापैकी झोप लागते.

झोप लागत नाही ती एकाच गोष्टीनं. केझाया आत्या अजून हॅगडाऊनवरच आहे. सेल्बी जायच्या आधी दोघं तिला आणायला गेली होती. ती म्हणाली, सेल्बी आला हे चांगलंच झालं, पण बेटावरची आणखी कितीतरी पोरं कुठकुठल्या जहाजांवर आहेत. ती आली म्हणजे कोणाचं घर कुठं गेलं हे त्यांना सांगणार कोण? शेळी?

तेव्हा तुमची होडी कधी त्या बाजूनं गेलीच, तर जरा थांबा. बेटावर धूर निघणारं एकच छप्पर आहे, चुकायचं कारण नाही. तिच्याकडे सरपण आहे का बघा, खोकला आहे का बघा. एमेलिनच्या घराचं तिनं विचारलं तर सांगा, मागचं दार पाण्याकडेच आहे; ते आता खोटं नाही. आणि तिचं दार वाजवू नका. वाजवलंत तर तिच्या काळजाचा ठोका चुकेल. ढकला, आत जा, चुलीपाशी बसा.